विजेची नाडी

नागपूर शहराच्या उत्तरेस, छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोराडी नावाचे गाव आहे. जगदंबेचे स्थान म्हणून या गावाची ख्याती जुनी आहे. १९७४ साली येथील औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि तेव्हापासून कोराडीचे नाव विजेशीही जोडले गेले. या केंद्राची उंच धुराडी प्रवाशाला दुरूनच दिसू लागतात.

आज येथे प्रत्येकी ६६० मेगावॅट क्षमतेचे तीन मोठे संच आहेत. कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पोलादी चक्राच्या पात्यांवर आदळून त्याला फिरवते. या चक्राला जोडलेला प्रचंड विद्युतचुंबक तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये फिरू लागला, की वीज निर्माण होते. हा चुंबक मिनिटाला ३,००० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला बरोबर ५०. म्हणूनच त्यातून निघणारा विद्युतप्रवाहही सेकंदात ५० वेळा पुढेमागे हेलकावे घेतो. या हेलकाव्यांच्या संख्येला वारंवारता असे म्हणतात.

कोयनेच्या जलविद्युत केंद्रातील चक्रे याहून पुष्कळ सावकाश फिरतात. पण त्यांच्या चुंबकांना ध्रुव अधिक असल्यामुळे त्यांच्याही विजेची वारंवारता ५० च राहते. तारापूरचे अणुविद्युत केंद्र घ्या, चंद्रपूरचे औष्णिक केंद्र घ्या किंवा हिमालयातील एखादे धरण घ्या. या सर्वांची यंत्रे एकाच तालात चालतात. वैद्य जसा मनगटावर बोट ठेवून शरीराची प्रकृती ओळखतो, तसा विद्युत अभियंता या ५० च्या आकड्याकडे पाहून साऱ्या देशाच्या वीजव्यवस्थेची प्रकृती ओळखतो. वारंवारता ही विजेची नाडी आहे.

ही नाडी बिघडते कशाने? धान्य कोठारात साठवता येते, पाणी धरणात साठवता येते. पण तारांमधून वाहणारी वीज तारांमध्ये साठून राहत नाही. ज्या क्षणी आपण दिव्याचे बटण दाबतो, त्याच क्षणी तेवढी वीज कोठेतरी निर्माण व्हावी लागते. समजा, अनेक बैलजोड्या मिळून एक अवजड नांगर ओढीत आहेत. जमीन एकाएकी कठीण लागली, तर सर्वच बैलांची चाल मंदावते. ती भुसभुशीत लागली, तर सर्वांचीच चाल वाढते. विजेचेही तसेच आहे. उन्हाळ्याच्या दुपारी विदर्भात घरोघरी कूलर सुरू झाले, की देशातील सर्व यंत्रांवर भार वाढतो, त्यांची गती किंचित मंदावते आणि वारंवारता ५० च्या खाली येते. पाऊस येऊन कूलर बंद झाले, की ती वर जाते. हा बदल फार थोडा असतो. तरी तो थोडाच ठेवावा लागतो. आपल्या देशात वारंवारता ४९.९० आणि ५०.०५ यांच्या दरम्यान राखावी, असा दंडक आहे. ती फार ढळली, तर चक्राची लांब पाती कंप पावू लागतात व तुटण्याचा धोका उत्पन्न होतो. अशा वेळी यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी जोखडातून बाहेर पडते. मग त्याचा भार उरलेल्या यंत्रांवर पडतो, तीही थकतात आणि एकामागून एक गळू लागतात. एक बैलजोडी सुटली म्हणून सारा नांगरच थांबावा, तसे होते.

आता वीज कोराडीहून आपल्या गावापर्यंत कशी येते ते पाहू. तारेतून प्रवाह वाहताना तार तापते आणि काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. प्रवाह दुप्पट झाला, तर ही हानी चौपट होते. उलट, तीच वीज दहापट दाबाने पाठवली, तर प्रवाह एक दशांश पुरतो आणि हानी एक शतांशावर येते. म्हणून केंद्रातून बाहेर पडताच रोहित्राच्या साहाय्याने विजेचा दाब ४ लाख व्होल्टपर्यंत चढवतात. काही वाहिन्यांवर तर तो ७ लाख ६५ हजार व्होल्ट असतो. शेतांतून व रानांतून उभ्या असलेल्या त्या पोलादी मनोऱ्यांवरून ही वीज धावते, जागोजागच्या उपकेंद्रांत तिचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवला जातो आणि शेवटी आपल्या घरात ती २३० व्होल्टने येते. या प्रवासाला पारेषण असे म्हणतात. महाराष्ट्रात १९६० सालापासून निर्मिती, पारेषण आणि वितरण ही तिन्ही कामे मुख्यतः राज्य विद्युत मंडळाकडे होती. २००५ साली त्यांची विभागणी झाली व पारेषणाचे काम महापारेषण कंपनीकडे आले.

एवढ्या दाबाची वीज उघड्यावरून शेकडो किलोमीटर न्यायची, म्हणजे संकटेही आलीच. कधी तारांवर वीज कोसळते, कधी वादळात झाडाची फांदी तारेजवळ येते, कधी चिनीमातीच्या विसंवाहकावर धूळ व दव साचून ठिणग्या उडतात. अशा वेळी प्रवाह भलत्याच वाटेने जमिनीत उतरू लागतो आणि त्याचे प्रमाण अनेकपट वाढते. तो तत्काळ तोडला नाही, तर रोहित्रे जळतात, तारा वितळतात आणि माणसांचे प्राणही जातात.

यासाठी प्रत्येक उपकेंद्रात पहारेकरी नेमलेले असतात. हे पहारेकरी माणसे नव्हेत, यंत्रे होत. मोठ्या प्रवाहाचा व दाबाचा लहानसा, पण तंतोतंत नमुना काढून देणारी मापक रोहित्रे हे त्यांचे डोळे. त्या नमुन्यावरून दोष आहे की नाही याचा निर्णय करणारा रिले ही त्यांची बुद्धी. आणि प्रत्यक्ष प्रवाह तोडणारा सर्किट ब्रेकर हे त्यांचे हात. पूर्वी रिलेमध्ये घड्याळासारख्या चकत्या, कमानी आणि चुंबक असत. आजचा रिले म्हणजे एक छोटा संगणकच आहे. तो प्रवाहाची व दाबाची मापे सेकंदात शेकडो वेळा घेतो, त्यांवरून दोष किती अंतरावर आहे याचे गणित करतो आणि ब्रेकरला आज्ञा देतो.

ब्रेकरचे काम वाटते तितके सोपे नाही. वाहता प्रवाह तोडण्यासाठी दोन धातूंचे स्पर्श दूर केले, की त्यांच्यामध्ये हवेतूनच प्रवाह वाहू लागतो व डोळे दिपवणारी ज्वाला पेटते. पण पुढेमागे हेलकावणारा प्रवाह सेकंदातून १०० वेळा क्षणभर शून्य होतो. नेमका तो क्षण साधून एका विशिष्ट वायूच्या झोताने ही ज्वाला विझवतात. दोष उत्पन्न झाल्यापासून वाहिनी वेगळी करीपर्यंत, ४ लाख व्होल्टच्या वाहिनीवर, एक दशांश सेकंदाहून अधिक काळ लागू नये अशी अपेक्षा असते. आपली पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. वाहिनी तोडल्यावरही पहारेकऱ्याचे काम संपत नाही. वीज कोसळल्याने झालेला दोष बहुधा क्षणिक असतो. म्हणून सुमारे एक सेकंद थांबून ब्रेकर आपणहून वाहिनी पुन्हा जोडून पाहतो. दोष गेला असेल, तर वीज पूर्ववत वाहू लागते. आपल्या घरात दिवा क्षणभर मिणमिणतो, एवढेच.

उपकेंद्रातील पहारेकरी आपापला नाका सांभाळतो; पण साऱ्या राज्याचा तोल कोण सांभाळणार? त्यासाठी भार प्रेषण केंद्रे आहेत. नागपुरात अंबाझरी येथे असे एक केंद्र आहे. ते नवी मुंबईतील ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्राशी जोडलेले आहे. त्याच्यावर मुंबईचे पश्चिम विभागीय केंद्र आणि सर्वांच्या वर दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र आहे. या केंद्रांत अहोरात्र, सणावारीही, अभियंते पाळीपाळीने जागे असतात. समोरच्या भिंतीवरील मोठ्या पडद्यावर वाहिन्यांचे जाळे, त्यांतून वाहणारी वीज, उपकेंद्रांतील दाब आणि वारंवारतेचा तो आकडा दिसत असतो. ही मापे दर काही सेकंदांनी येतात. अलीकडे त्यांच्या जोडीला याहूनही तीक्ष्ण दृष्टीची साधने आली आहेत. ती उपग्रहाकडून अचूक वेळ घेतात आणि दूरदूरच्या उपकेंद्रांतील विजेचे हेलकावे एकाच क्षणी मोजून सेकंदाला २५ वेळा कळवतात. त्यामुळे देशाच्या एका टोकाची यंत्रे दुसऱ्या टोकाच्या यंत्रांच्या तालातून ढळू लागली, तर ते तत्काळ लक्षात येते.

वीज ही एकेका गावाची किंवा संस्थानाची बाब नसून साऱ्या देशाची बाब आहे, हा विचार आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीच मांडला गेला होता. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्र सरकारात मजूर खात्याचे मंत्री होते आणि विजेचा विषय त्यांच्याकडे होता. देशाचे दारिद्र्य हटवायचे, तर उद्योग वाढले पाहिजेत, आणि उद्योग वाढायचे, तर वीज स्वस्त व विपुल मिळाली पाहिजे, असे त्यांनी १९४३ साली विद्युत धोरणाविषयीच्या बैठकीत प्रतिपादन केले होते. परंतु देशभर एक जाळे विणायला पुढे अनेक दशके लागली. प्रथम राज्याराज्यांची जाळी झाली. मग त्यांतून उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण आणि ईशान्य असे पाच विभाग झाले. प्रत्येक विभागाचा ताल वेगळा होता.

वेगळ्या तालाची दोन जाळी तारेने सरळ जोडता येत नाहीत. दोन मुली दोरी फिरवीत असताना तिसरीला मध्ये शिरायचे असेल, तर दोरीची लय पाहूनच पाऊल टाकावे लागते. लय चुकली, तर दोरी पायात अडकते. मग वेगळी लय असलेल्या दोन विभागांनी एकमेकांना वीज द्यायची कशी? याचे उत्तर आपल्याच विदर्भात पाहायला मिळते. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरील भद्रावती हे गाव जैन मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. १९९७-९८ साली तेथे एक विलक्षण केंद्र उभे राहिले. पश्चिम विभागाची हेलकावणारी वीज तेथे थायरिस्टर नावाच्या साधनांमधून नेऊन एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे दिष्ट, करतात आणि लगेच दक्षिण विभागाच्या लयीत पुन्हा हेलकावणारी बनवतात. दोन भिन्न भाषा बोलणाऱ्यांमध्ये दुभाषी बसावा, तसे हे केंद्र आहे. त्याची क्षमता १,००० मेगावॅट आहे. किती वीज जाऊ द्यायची, हे तेथे ठरवता येते.

याच तत्त्वावर १९९९ साली चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची दिष्ट विजेची वाहिनी सुरू झाली. विदर्भाच्या कोळशावर निर्माण झालेली १,५०० मेगावॅटपर्यंत वीज तिच्यावरून मुंबईच्या बाजूला जाऊ शकते. इतर वाहिन्यांमध्ये वीज आपल्याला सोयीची वाट धरते. पण या वाहिनीत अभियंता सांगेल तेवढीच वीज जाते.

दरम्यान विभागांचे ताल एक होत गेले. २००६ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण वगळता सर्व विभाग एकाच लयीत चालू लागले. एकीचे लाभ मोठे होते. एका भागात संच बंद पडला, तर दुसरा भाग हात देऊ लागला. परंतु एकीबरोबर एक जोखीमही आली होती, आणि ती २०१२ साली प्रत्ययास आली.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस उत्तरेकडील काही राज्ये ठरलेल्या वाट्याहून अधिक वीज ओढीत होती. पश्चिम आणि उत्तर विभागांना जोडणाऱ्या अनेक वाहिन्या त्याच वेळी बंद होत्या. साहजिकच, उरलेल्या बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर भार फार वाढला. ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर तिच्या रिलेने त्या जड भारालाच दोष समजून वाहिनी तोडली. तारा शाबूत होत्या, कोठेही वीज कोसळली नव्हती. पण पहारेकऱ्याने ओझे वाहणाऱ्यालाच चोर ठरवले. पाठोपाठ इतर वाहिन्या तुटल्या आणि सारा उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी, तसेच पुन्हा घडले. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग कोसळले. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. शेकडो आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. खाणींत उतरलेले कामगार काही काळ खालीच अडकून पडले. पश्चिम विभाग वेळीच वेगळा झाला व तगला, म्हणून महाराष्ट्रातील दिवे तेवत राहिले.

या संकटापासून दोन धडे घेता येण्यासारखे होते. विभागांनी पुन्हा वेगळे व्हावे, हा एक; आणि अधिक सावध होऊन एकत्र राहावे, हा दुसरा. देशाने दुसरा घेतला. रिले तपासले गेले, वाट्याहून अधिक वीज ओढण्यावरील निर्बंध कडक झाले, नव्या वाहिन्या उभ्या राहिल्या. आणि जेमतेम दीड वर्षाने, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, कर्नाटकातील रायचूर व महाराष्ट्रातील सोलापूर यांना जोडणारी वाहिनी सुरू होऊन दक्षिण विभागही त्याच तालात सामील झाला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच नाडी चालू लागली.

तिची खरी कसोटी ५ एप्रिल २०२० रोजी लागली. करोनाच्या साथीत देशभर टाळेबंदी असताना, रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरातील दिवे मालवून पणत्या लावाव्यात, असे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. विजेची मागणी बारा-चौदा हजार मेगावॅटने उतरेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली. कोराडीच्या तिन्ही मोठ्या संचांएवढी पंधराहून अधिक केंद्रे एकाएकी अनावश्यक व्हावीत, असा तो प्रकार होता. आणि नऊ मिनिटांनी दिवे लागताच ती सर्व वीज परत हवी होती! कोळशाचे संच इतक्या झटपट कमीअधिक करता येत नाहीत. पाण्यावर चालणारे संच मात्र नळ सोडावा व बंद करावा तसे हाताळता येतात. म्हणून आधीच जलविद्युत केंद्रे पूर्ण जोराने चालवून ठेवली होती. दिवे मालवू लागताच ती झपाट्याने उतरवली, आणि दिवे लागू लागताच पुन्हा चढवली. त्या वेळात वारंवारता ४९.७० आणि ५०.२६ यांच्या दरम्यान राहिली. नाडी थोडी हलली, पण तुटली नाही. लोकांनी पणत्या पाहिल्या. भार प्रेषण केंद्रांतील अभियंत्यांनी तो एक आकडा पाहिला.

यापुढे हे काम अधिकच अवघड होणार आहे. सूर्य आणि वारा यांपासून मिळणारी वीज धूर ओकत नाही, हे खरे. पण ढग आला की ती उतरते आणि सायंकाळी, नेमके दिवे लागण्याच्या वेळी, सूर्याची वीज संपते. यासाठी मोठ्या विद्युतघटांची योजना होत आहे. घाटघरसारख्या प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना पाणी खालच्या जलाशयातून वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज निर्माण करतात. तारांमध्ये न साठणारी वीज अशा रीतीने पाण्याच्या रूपाने साठवता येते.

आपण वर्गात किंवा घरात एक बटण दाबतो, तेव्हा कोराडीचे चक्र, कोयनेचे पाणी आणि हिमालयातील धरण या सर्वांवर त्याचा भार पडतो. तो कणभर असेल, पण पडतो खास. त्या कणाकणांचा मेळ घालणारी यंत्रे उपकेंद्रांत उभी आहेत आणि माणसे अंबाझरीपासून दिल्लीपर्यंत जागी आहेत. त्यांचे काम जेव्हा उत्तम चाललेले असते, तेव्हा कोणालाच काही जाणवत नाही. दिवा लागतो, एवढेच आपल्याला ठाऊक असते.

अभ्यास

१. वारंवारतेला ‘विजेची नाडी’ असे का म्हटले आहे?

२. वीज लांबवर नेताना तिचा दाब का वाढवतात? दाब पाचपट केला, तर तारांतील हानी किती होईल?

३. मापक रोहित्र, रिले आणि सर्किट ब्रेकर यांची कामे तुमच्या शब्दांत सांगा.

४. भद्रावतीच्या केंद्राला ‘दुभाषी’ म्हणण्याचे कारण काय?

५. ‘पहारेकऱ्याने ओझे वाहणाऱ्यालाच चोर ठरवले’ हे वाक्य कोणत्या प्रसंगाला उद्देशून आहे? त्याचा अर्थ स्पष्ट करा.

६. २०१२ च्या संकटानंतर देशाने कोणता धडा घेतला? तो योग्य होता असे तुम्हाला वाटते का? कारणे द्या.

७. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : ख्याती, दंडक, तत्काळ, विपुल, कसोटी.

८. तुमच्या गावाजवळच्या विद्युत उपकेंद्राची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा व दहा ओळींत लिहा. उपकेंद्र कुंपणाबाहेरूनच पाहावे.